एका माणसाची गाडी

तुमच्या-माझ्यासारख्या मुलांचे एक बरे असते. घरात आपण उर्दू बोलतो, बाजारात मराठी ऐकतो आणि शाळेत इंग्रजीही शिकतो. त्यामुळे एखादा शब्द अडला की तो तीन भाषांत उलटून पाहायची सवय आपल्याला आपोआप लागते. आज मी तुम्हाला अशाच एका इंग्रजी शब्दाची हकीकत सांगणार आहे. शब्द अगदी लहान आहे. पण त्या शब्दापायी मला एकदा एका मुलीची माफी मागावी लागली.

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात मी इंग्रजीचा तास घेत होते. धड्यात ‘सल्क’ हा शब्द आला. मी तो फळ्यावर लिहिला आणि विचारले, “कोणाला माहीत आहे याचा अर्थ?”

मागच्या बाकावरून एक मुलगा झटकन उठला. “टीचर, सिल्क! येवल्याच्या पैठणीत असतं ते!”

वर्ग खो खो हसला. आमचे गाव मालेगाव. येथे गल्लीगल्लीत यंत्रमाग आहेत. त्यांना आम्ही ‘लूम’ म्हणतो. धाग्याच्या गोष्टी आमच्या मुलांना पाळण्यातच कळतात. तेव्हा त्या मुलाला सिल्क आठवले यात नवल नव्हते. मी म्हणाले, “सिल्क नव्हे, सल्क. ‘संडे’ म्हणताना सुरुवात करतो तशी सुरुवात करा.”

मग एका मुलीने विचारले, “टीचर, सल्क म्हणजे रूठना का?”

मी ‘हो’ म्हणणार होते. शब्दकोशही तसेच सांगतो : सल्क म्हणजे रुसणे, गाल फुगवून बसणे. पण माझा हात खडूसकट फळ्यावरच थांबला. कारण ‘सल्क’ म्हणजे नुसते रुसणे नव्हे, हे मला फार महागात पडून कळले होते. तास संपायला आला होता, म्हणून त्या दिवशी मी एवढेच म्हणाले, “जवळजवळ तसेच. बाकीचे पुन्हा सांगेन.” ते बाकीचे आज सांगते.

आधी अर्थ नीट पाहू. एखाद्याला एखादी गोष्ट लागली. पण तो भांडत नाही, रडत नाही, तक्रारही करीत नाही. तो गप्प बसतो. विचारले तर ‘काही नाही’ म्हणतो. मात्र त्याचे ते ‘काही नाही’ सगळ्या घराला ऐकू जावे अशी त्याची इच्छा असते. या वागण्याला इंग्रजीत ‘सल्क’ म्हणतात. ‘ही इज सल्किंग’ म्हणजे तो फुगून बसला आहे. ‘शी इज इन अ सल्क’ म्हणजे तिचा फुगवा चालू आहे. आणि ज्याचा स्वभावच असा, तो ‘सल्की’.

आता हेही पाहा. दुःखी माणूस गप्प असतो. पण त्याला कोणी पाहिले नाही तरी चालते. लाजाळू माणूस गप्प असतो. त्याला तर कोणी पाहूच नये असे वाटते. रुसलेल्या माणसाचे तसे नसते. त्याला पाहणारा लागतो. निर्जन बेटावर एकटा राहणारा माणूस रडू शकेल, चिडू शकेल, पण रुसणार कोणावर?

हे मला पुस्तकातून कळले नाही. मी स्वतः रुसण्यात पटाईत होते. २००० साली मी सहावीत होते. माझे भाईजान मोसम नदीपलीकडच्या शाळेत जाऊ लागले, म्हणून अब्बांनी त्यांना नवी सायकल घेऊन दिली. मला वाटले, सायकल मलाही हवी. अब्बा म्हणाले, “तुझी शाळा तर गल्लीच्या तोंडाशी आहे.” एवढे निमित्त पुरले. मी तडक गच्चीवर गेले आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले. मनात म्हटले, आता हाका मारतील तेव्हा समजेल.

पण कोणी हाकच मारीना! अर्धा तास गेला, एक तास गेला. खालून अम्मीच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता. भूक लागली. शेवटी मी काय केले असेल? मी मोठ्याने खोकले. मी कोठे बसले आहे हे त्यांना कळावे म्हणून! तरीही कोणी आले नाही, तेव्हा आणखी एकदा खोकले.

मग दादी आल्या. त्यांचे गुडघे दुखत असत. एकेक पायरी चढून, कठड्याला धरून त्या वर आल्या आणि माझ्याजवळ बसल्या. त्यांनी मला सायकलीबद्दल काही विचारले नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, “बेटी, रुसायचं असेल तर रूस. पण त्याला मुदत असते. तीन दिवसांपेक्षा जास्त कोणाशी अबोला धरू नये, ही पैगंबरसाहेबांची शिकवण आहे. आणि दोघांत जो आधी सलाम करतो तो अधिक चांगला.” मग हसून म्हणाल्या, “तुझे तीन दिवस मोजायचे का आजपासून? माझे गुडघे काही रोज वर येणार नाहीत.”

मला हसू आले. हसू आले की रुसवा संपतो. त्या रात्री अब्बा कारखान्यातून आले, तेव्हा मीच आधी सलाम केला. सायकल काही मिळाली नाही. पण ताटावर झाकून ठेवलेली भाकरी मात्र फार गोड लागली.

मुलांनो, आपल्या भाषांकडे जरा लक्ष देऊन पाहा. उर्दूत ‘रूठना’ आला की त्याच्या मागोमाग ‘मनाना’ येतो. मराठीत ‘रुसणे’ आले की ‘समजूत काढणे’ येते, ‘मनधरणी करणे’ येते. जसा रुसणारा, तसा समजूत काढणारा. हे शब्द म्हणजे जणू एकाच घरातली भावंडे. म्हणून रुसवा हा शब्द आपल्याकडे अगदी वाईट मानत नाहीत. आपण परक्या माणसावर रुसत नाही, आपल्या माणसावर रुसतो. लग्नात विहीण रुसली तर वरमाई रुसली म्हणून सगळा मांडव हसतो आणि तिची समजूतही काढतो.

मराठीत याच घराण्यातले आणखी किती शब्द आहेत! आशा मोडून तोंड उतरले तर तो ‘हिरमुसला’. आतल्या आत दुःख करीत राहिला तर तो ‘कुढतो’. पुटपुटत राग दाखवला तर ती ‘धुसफुस’. बोलणेच बंद केले तर तो ‘अबोला’. लहान मूल ओठ काढून बसले तर ते ‘फुरंगटले’. आणि जो स्वभावानेच मनातले बाहेर येऊ देत नाही, त्याला म्हणतात ‘घुमा’. हे शब्द एकासारखे एक दिसतात, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. हिरमुसलेल्या मुलाला तुम्ही घुमा म्हटले, तर त्याच्यावर अन्याय होतो.

इंग्रजीतल्या ‘सल्क’ची तऱ्हा निराळी आहे. त्याच्या शेजारी ‘मनाना’सारखा कायमचा जोडीदार बसलेला नाही. इंग्रजी बोलणारे घरात मुलाला म्हणतात, ‘स्टॉप सल्किंग’. म्हणजे ‘पुरे झाले तुझे फुगणे’. समजूत काढायला कोणी जायचे, हे त्या शब्दात येतच नाही. ज्याने तोंड फुगवले, त्यानेच ते सरळ करावे. म्हणून हा शब्द बहुधा दुसऱ्याविषयी वापरतात आणि त्यात थोडा ठपका असतो. मोठ्या माणसाला ‘सल्की’ म्हटले, तर तो लहान मुलासारखा वागतो असा टोमणा त्यात येतो.

या शब्दाच्या कुळाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. इंग्रजीत आधी ‘सल्की’ हा शब्द रूढ झाला आणि त्यावरून मागाहून ‘सल्क’ हे क्रियापद बनले. ही अठराव्या शतकातली गोष्ट. त्याच शतकात इंग्रजी बोलणाऱ्या लोकांत एक हलकी घोडागाडी निघाली. तिला दोन चाके, एक घोडा आणि बसायला जागा फक्त एका माणसाची! शेजारी कोणी बसू शकत नाही, बोलायला कोणी नाही. लोकांनी त्या गाडीचे नावच ठेवले ‘सल्की’. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात घोड्यांच्या काही शर्यती अशा असतात, की त्यांत घोड्याने चौखूर उधळायचे नसते, ठरावीक दुडक्या चालीनेच पळायचे असते. त्या शर्यतीत घोड्यामागे जी एका माणसाची गाडी जोडतात, तिला आजही ‘सल्की’च म्हणतात.

याच अर्थाचा दुसरा इंग्रजी शब्द ‘सलन’. त्याचे मूळ लॅटिन भाषेत सापडते. त्या मुळाचा अर्थ ‘एकटा’. फ्रेंच भाषेत ‘बुदे’ म्हणजे रुसणे. त्यावरून श्रीमंत घरातील स्त्रीच्या खासगी खोलीला ‘बुद्वार’ हे नाव पडले. म्हणजे रुसून बसायची खोली! आपल्याकडे कैकेयीच्या कथेतले कोपभवन प्रसिद्धच आहे. देश वेगळे, भाषा वेगळ्या. पण रुसलेल्या माणसाला लोकांनी एकटे बसवले आहे, कोठे खोलीत, कोठे गाडीत.

ग्रीक कवी होमर याच्या ‘इलियड’ या महाकाव्यात तर एका रुसव्याने केवढा अनर्थ झाला! अकिलीज हा ग्रीकांचा सर्वांत शूर योद्धा. सेनापतीने त्याचा अपमान केला, म्हणून तो लढाई सोडून आपल्या गोटात जाऊन बसला. ग्रीकांची पीछेहाट होऊ लागली. शेवटी त्याचा जिवलग मित्र पट्रोक्लस त्याचे चिलखत घालून रणात उतरला आणि मारला गेला. अकिलीजचा रुसवा संपला. पण मित्र गेला तो गेलाच. अजूनही कोणी रागाने कामातून अंग काढून घेतले, तर इंग्रजीत अकिलीजच्या तंबूची आठवण काढतात.

आता मी माझ्या चुकीकडे वळते.

२०१७ साली मी नोकरीत नवी होते. बी.एड. होऊन फार दिवस झाले नव्हते. आपल्या राज्यात २०१० पासून पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. त्यात नुसते गुण देऊन भागत नाही. मूल कसे वागते, कसे बोलते, कशात रमते, याच्या नोंदी शिक्षकाला लिहाव्या लागतात. माझ्याकडे सातवीचा इंग्रजी विषय होता. इंग्रजीच्या नोंदी इंग्रजीतच लिहायच्या, अशी माझी हौस.

वर्गात एक मुलगी होती. उंच होती, म्हणून मी तिला शेवटच्या बाकावर बसवले होते. प्रश्न विचारला की ती नुसती पाहत राही. कधी भलतेच उत्तर देई आणि मुले हसत. मग तिने उत्तर देणेच सोडले. नाव घेऊन हाक मारली तरी कधी कधी मान वर करीत नसे. मला वाटले, ही मुलगी फुगलेली असते. सत्राच्या शेवटी मी तिच्या प्रगतिपुस्तकात ऐटीत लिहिले, ‘सल्की’. एकच शब्द. लिहिताना मला तो फार नेमका वाटला होता.

आठ दिवसांनी मधल्या सुट्टीत तिची आई शाळेत आली. ती घरी कांड्या भरण्याचे काम करीत असे. तिच्या बोटांना धाग्यांचे तंतू चिकटलेले होते. प्रगतिपुस्तक ओढणीखाली जपून धरले होते. ती म्हणाली, “टीचर, हा शब्द काय आहे? आम्हाला इंग्रजी येत नाही. शेजारच्या कॉलेजच्या मुलानं डिक्शनरी पाहून सांगितलं, की मुलगी घुमी आहे, तोंड फुगवून बसते. माझी मुलगी घरी सारखी बोलते, टीचर. शाळेत ती खरंच अशी आहे का?”

मी म्हणाले, “ती उत्तरच देत नाही. हाक मारली तरी पाहत नाही.”

आई म्हणाली, “हाक तर घरीही दोन-तीनदा मारावी लागते. पण आमच्याकडे लूम चालू असतात, सगळेच ओरडून बोलतात.”

आई गेली. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य घोळत राहिले. ज्या घरात लूमच्या खडखडाटामुळे सगळेच ओरडून बोलतात, त्या घरात एखाद्याला कमी ऐकू येत असेल, तर ते कोणाच्या लक्षात येणार? आणि माझा आवाज तर बारीक. आमच्या वर्गाच्या खिडकीबाहेरही कारखाना आहे. शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज जातो की नाही, हे मी कधी पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मुले गणिते सोडवीत असताना मी हळूच वर्गाच्या मागे गेले आणि खडूची पेटी हातातून खाली टाकली. फट्कन आवाज झाला. सगळी मुले दचकून मागे वळली. ती एकटी वळली नाही. शेजारणीने तिला कोपर मारले, तेव्हा तिने पाहिले.

मुलांनो, त्या क्षणी मला जमीन दुभंगावी असे वाटले. बी.एड.च्या पुस्तकात मी हे सारे वाचले होते. ज्या मुलाला कमी ऐकू येते, ते बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून पाहते. एकच कान पुढे करते. भलते उत्तर देते. मागून हाक मारली तर त्याला कळत नाही. ही सगळी लक्षणे माझ्यासमोर रोज बसत होती. पण मी एक शब्द शोधून काढला आणि मग पाहणेच थांबवले. शब्द सापडला की माणूस समजला, असे मला वाटले होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात डॉक्टरांचे पथक शाळेत येऊन मुलांची तपासणी करते, कानांचीही करते. आमच्याकडे ते पथक आले होते, त्या दिवशी ही मुलगी गैरहजर होती. मी तिच्या आईला पुन्हा बोलावले आणि दोघींबरोबर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. लहानपणी तिचा उजवा कान वारंवार वाहत असे. घरच्यांनी तेल घालून पाहिले होते. डॉक्टर म्हणाले, कानाच्या पडद्याला भोक पडले आहे. कानात तेल मुळीच घालू नका, पाणी जाऊ देऊ नका. उपचार सुरू झाले. पुढे पडद्याची शस्त्रक्रियाही झाली आणि तिचे ऐकणे पुष्कळ सुधारले.

गोष्ट येथे संपली असती, तर मी तुम्हाला ‘चूक सुधारली’ एवढेच सांगितले असते. पण खरा धडा पुढेच आहे.

डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर मी तिला पहिल्या बाकावर बसवले. आता तिला ऐकू जात होते. तरी ती माझ्याशी बोलेना. हजेरीला ‘यस टीचर’ म्हणायची, तेही भिंतीकडे पाहून. मी तिच्या मैत्रिणीला शाबासकी दिली, की मात्र तिरप्या नजरेने माझ्याकडे पाहायची. मी पाहिले की लगेच वहीत डोके घालायची.

हा मात्र खरा रुसवा होता! मला ओळखता आला, कारण मी टाकीमागे बसून खोकलेली मुलगी होते.

आणि मी काय केले? मीही गप्प बसले. मनात म्हटले, मी हिला डॉक्टरांकडे नेले, पहिल्या बाकावर बसवले, आणखी किती करायचे? आता तिने बोलावे. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी हजेरी घेताना एकदम दादींची आठवण झाली आणि माझे मलाच हसू आले. तीस मुलांची शिक्षिका बारा वर्षांच्या मुलीवर रुसून बसली होती! एक सल्की पहिल्या बाकावर होती, दुसरी टेबलामागच्या खुर्चीवर. दोघींच्या गाड्या एकेका माणसाच्या.

मधल्या सुट्टीत मी तिच्या बाकावर जाऊन बसले. तिच्या डाव्या बाजूला बसले, म्हणजे तिला नीट ऐकू यावे. म्हणाले, “मी तुझ्याबद्दल चुकीचा शब्द लिहिला. मला माफ कर.”

ती बराच वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “टीचर, गल्लीतली मुलं मला सल्की म्हणतात.”

मला हे ठाऊकच नव्हते. कॉलेजच्या त्या मुलाने अर्थ सांगितला होता, तो सगळ्या गल्लीने ऐकला होता. मी एका चौकटीत लिहिलेला शब्द गल्लीत पोरांच्या तोंडी गेला होता. तिच्या कानांवर उपचार झाले. पण त्या कानांना आता पहिल्यांदा नीट ऐकू येत होते ते काय, तर हे टोपणनाव.

त्या दुपारी मी तिचे प्रगतिपुस्तक वर्गात मागवले. सगळ्यांसमोर तो शब्द लाल शाईने खोडला आणि शेजारी माझी सही केली. मुलांना सांगितले, “हा शब्द मी चुकीचा लिहिला होता. ही मुलगी रुसलेली नव्हती. तिला ऐकू जात नव्हते आणि मी विचारले नाही. चूक माझी आहे. आता हा शब्द तिला कोणी लावायचा नाही.” वर्ग अगदी शांत झाला. शिक्षक चुकतात हे मुलांना माहीत असते. पण शिक्षक ते बोलून दाखवतात, हे त्यांनी पाहिलेले नसते.

मग मी फळ्यावर त्या एका माणसाच्या गाडीचे चित्र काढले आणि तुम्हाला सांगितली तीच गोष्ट त्यांना सांगितली. म्हणाले, “रुसलेला माणूस या गाडीत बसतो. त्याच्या शेजारी कोणाला जागा नसते.”

पहिल्या बाकावरून आवाज आला, “टीचर, ही कसली गाडी? आपल्या टांग्यात तर सहा जण बसतात!”

सगळा वर्ग हसला. ती स्वतःही हसली. कितीतरी दिवसांनी ती वर्गात आपणहून बोलली होती. तिच्या नोंदीत त्या खोडलेल्या शब्दाखाली मी नंतर नवे वाक्य लिहिले. या वेळी उर्दूत लिहिले, म्हणजे तिच्या आईला कोणाकडून वाचून घ्यावे लागणार नाही : ‘ऐकू आले की छान उत्तर देते.’

मुलांनो, तेव्हापासून मी ‘सल्क’ हा शब्द शिकवते. पण कोणाला लावताना दहादा विचार करते. तुमच्याही वर्गात कोणीतरी गप्प बसणारे असेल. ते रुसले असेल, हिरमुसले असेल, कुढत असेल, उपाशी असेल किंवा त्याला फळाच दिसत नसेल. बाहेरून या साऱ्यांचे गप्प बसणे सारखेच दिसते. त्याला नाव ठेवण्याआधी त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा. ऐकू येईल अशा बाजूला बसा.

आणि तुम्ही स्वतः कधी रुसलात तर? खुशाल रुसा. रुसायला आपली माणसे लागतात आणि ती तुमच्याजवळ आहेत. पण दादींचा हिशेब विसरू नका. तीन दिवस म्हणजे तीनच दिवस. त्याआधी कोणी समजूत काढायला आले, तर सरकून जागा द्या. नाहीच आले, तर तुम्हीच आधी सलाम करा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखिका गच्चीवर का खोकली?
(आ) ‘सल्की’ हे नाव घोडागाडीला का पडले?
(इ) मुलीला कमी ऐकू येते हे घरच्यांच्या लक्षात का आले नाही?

२. थोडक्यात उत्तर लिहा.
‘रुसणे’ आणि ‘सल्क’ यांत लेखिकेला कोणता फरक दिसतो?

३. पुढील शब्द वाक्यांत वापरा.
हिरमुसणे, कुढणे, अबोला धरणे, समजूत काढणे.

४. तुम्ही कधी कोणावर रुसला होता का? तुमची समजूत कोणी काढली? दहा ओळी लिहा.